चष्म्याचं कार्ड घेऊन आदिलाबादला

किनवट सुटलं की गाडी दमल्यासारखी चालते. दोन्ही बाजूंना सागाचं विरळ रान, मध्येच फुटलेल्या कापसाचं एखादं शेत, मग पुन्हा रान. एका नदीच्या पुलावर समोरच्या बाकावरच्या बाईंनी खिडकीतून नाणं टाकलं, हात जोडले आणि मला म्हणाल्या, "झाला तेलंगणा सुरू." मी डोकावून पाहिलं. नदीच्या दोन्ही काठांना तोच कापूस उभा होता. पुढच्या स्टेशनच्या पाटीवर मात्र गोल गोल तेलुगू अक्षरं दिसली आणि आपण परमुलखात आलो याची खात्री पटली.

आदिलाबाद जिल्ह्यात लोक कुंटाल्याचा धबधबा पाहायला येतात, तिथून पुढे बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जातात. माझं येण्याचं कारण पर्समध्ये होतं. ते होतं एक क्रेडिट कार्ड.

माझा भाचा प्रसाद बँकेत लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याने सगळ्या नातेवाइकांना कार्डं घ्यायला लावली. पेट्रोलचं आणि किराण्याचं अशी कामाची कार्डं माझ्या जावांनी पळवली. माझ्या वाट्याला आलं ते चष्म्याचं. चष्म्याच्या दुकानात किंवा डोळ्यांच्या दवाखान्यात ते वापरलं तर खर्चातला चांगला सहावा हिस्सा कॅश-बॅक म्हणून परत. बाकी कुठेही वापरलं तर शून्य. आणि वर्षभरात ठरावीक रकमेची खरेदी झाली नाही, तर वार्षिक फी भरा. मी साताऱ्यात एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू फुकट पडून राहिलेली मला बघवत नाही. म्हणून मी कामाला लागले. आमच्या ह्यांना वाचायचा एक, लांबचा एक आणि हे दोन्ही सापडेनासे झाले की शोधायला एक, असे तीन चष्मे केले. मग शेजारच्यांना, मग वरच्या मजल्यावरच्यांना दुकानात नेलं. पैसे त्यांचे, कार्ड माझं. वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या इमारतीत अंधुक दिसणारं माणूस उरलं नव्हतं, आणि रक्कम तरीही थोडी कमी पडत होती.

अशा वेळी आदिलाबादहून आतेभावाचा, विलासचा फोन आला. "ताई, आईले आता नीट दिसत नाई. अन् ते काई कबूल करत नाई. तू येऊन सांगून पाय ना. तुयं ऐकते."

माझी कुसुमआत्या कुणाचंही ऐकत नाही. तरी मी तिकीट काढलं. माझ्या डोळ्यांसमोर आधी आत्या आली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण तिच्या मागोमाग कार्डही आलं.

माझे वडील नोकरीसाठी यवतमाळ सोडून साताऱ्याला आले आणि त्यांची ही बहीण लग्न होऊन पैनगंगेपलीकडे गेली. तिथल्या मराठी शाळेत तिने जन्मभर शिकवलं. नवरा गेल्यावर, निवृत्तीच्या पैशांतून तिने एक लाल स्कूटी घेतली. आता सत्तरी आली, तरी ती गावभर त्याच स्कूटीवर फिरते.

स्टेशनवर मला घ्यायला विलास येणार होता. आली आत्या. मी डब्यातून उतरून तिच्याकडे चालत होते, तेवढ्यात तिने माझ्या पुढे उतरलेल्या एका अनोळखी बाईला घट्ट मिठी मारली. "सुमे, किती जाड झाली वं तू!" बाई घाबरून तेलुगूत काहीतरी बोलली. मी मागून हाक मारली, "आत्या, मी इकडे आहे." आत्याने त्या बाईला सोडलं आणि जराही न ओशाळता म्हणाली, "तिची साडी पाय ना, अगदी तुयासारखी." मी पंजाबी ड्रेस घातला होता.

स्टेशन ते घर या प्रवासाचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण बराच वेळ मी डोळे मिटून घेतले होते. कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बाजाराकडे निघाली होती. वाऱ्याने उडालेला कापूस बाभळींना लटकला होता आणि आत्या त्या सगळ्यातून हॉर्न वाजवत चालली होती. एका चौकात तिने मान झुकवून नमस्कार केला. "हे आपले पेशकार साहेब, तहसील कचेरीतले कारकून. लय भला माणूस." मी पाहिलं. तिथे विजेचा खांब होता. त्याला कुणीतरी पांढरा सदरा वाळत घातला होता.

घरी विलासची बायको रेखा दारातच उभी होती. आम्ही दोघी धड उतरलो हे पाहून तिने सुस्कारा टाकला. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी (तिकडे बाजारात तिला पुंटिकूर म्हणतात) आणि सर्वपिंडी होती. सर्वपिंडी म्हणजे तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, मिरची घालून तव्यावर थापलेलं, भोकं पाडलेलं खमंग थालीपीठच. मी तीन खाल्ल्या. आत्याने ताटातली हिरवी मिरची गवारीची शेंग समजून चावली, डोळ्यांतून पाणी आलं, पण "मुद्दामच खाल्ली, मले तिखट आवडते," असं म्हणून तिने ती संपवली.

मागच्या अंगणात भांडी घासताना रेखा हळूच म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्यात गाडी घेऊन सरळ शेजाऱ्यायच्या शेवंतीत गेल्या. मलेच म्हणे, यायनं वाफा रस्त्यावर काऊन केला? तुमच्या भावानं चावी लपवली, तर दोन दिवस जेवल्या नाईत."

"तुला काय म्हणतात?"

"मले? माया प्रत्येक साडीले मळकी म्हणतात." रेखा हसली, पण तिने पातेलं जरा जास्तच जोराने घासलं.

रात्रीच्या जेवणानंतर मी विषय काढला. आत्याने पानाचा डबा पुढे ओढला. "मले समदं दिसते. चष्मा म्हाताऱ्यायले लागते." बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं की तलमडुगूला तिची जुनी सहकारी शांताबाई राहते, आपण दोघी तिला भेटायला जाऊ. स्कूटीवर. मी म्हटलं, गाडी मी चालवते. आत्या म्हणाली, "तुले रस्ता माहीत आहे काय?" तिला रस्ता पाठ आहे, एवढ्या एका भरवशावर मी मागे बसले.

शहर मागे पडल्यावर मात्र मी भीती विसरले. आपल्याकडे उसाची हिरवी भिंत असते, शेताच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. इथे कापसाची रानं उघडी, नजर पोचेल तिथवर पांढरी. काळ्या मातीवर जणू चांदणं सांडलंय असं म्हणणार होते, पण दिवसाचे नऊ वाजले होते आणि ऊन चांगलंच लागत होतं. वेचणी करणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. मधल्या पट्ट्यांत ज्वारी दाण्याने भरलेली, आणि तिच्यावर पाखरांची झुंबड.

मोठ्या रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीतही असतात. आतल्या रस्त्याला लागलो आणि एका फाट्यावर फक्त तेलुगू पाटी आली. आत्याने गाडी थांबवली. "वाच बरं."

"मला तेलुगू कुठे येतं? तूच वाच."

आत्या पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ऊन लागून राह्यलं डोळ्यावर. तू अक्षर कसं दिसते ते सांग, मी ओळखतो."

आता ही परीक्षा सुरू झाली. मी म्हटलं, "पहिलं अक्षर गोल आहे. जिलबीसारखं. डोक्यावर बरोबरची खूण आहे."

"ते खूण तर लय अक्षरायच्या डोक्यावर असते. आमच्या भाषेत जवळपास समदेच पास होतात. पुढं सांग."

"दुसरंही जिलबीसारखं. पण अर्धी खाल्लेली."

"शेपूट?"

"उजवीकडे आहे. म्हणजे, ती शेपूट की पुढच्या अक्षराचा पाय, ते कळत नाहीये."

रस्त्यावर कुणी नव्हतं, म्हणून बरं. ज्या बाईला वाचता येत होतं तिला दिसत नव्हतं, आणि जिला स्वच्छ दिसत होतं तिला वाचता येत नव्हतं. दोघींनी मिळून बराच खल केला आणि आत्याने निकाल दिला, "तलमडुगूच आहे. उजवीकडं."

तो रस्ता तलमडुगूचा नव्हता. डांबर संपलं, मुरूम लागला, मग दोन चाकोऱ्यांची बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंनी कापूस अंगाला घासायला लागला. "आता येईल गाव," असं आत्या म्हणत होती, आणि पुढून वाटेवरून एक बाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. भारा इतका मोठा की बाई त्याखाली झाकली गेली होती. आत्याने वेग कमी केला नाही.

"आत्या, बाई आहे!"

"झुडूप आहे ते."

"झुडूप चालतंय, आत्या! ब्रेक!"

तिने ब्रेक दाबला आणि हँडल वळवलं. गाडी कापसात शिरली, आम्ही दोघी हळूच आडव्या झालो. काड्यांचा भारा वाटेवर पडला. स्कूटीचं मागचं चाक फिरत होतं.

कुणाला लागलं नव्हतं. माझ्या कोपराला खरचटलं, आत्याच्या अंबाड्यात बोंडं अडकली होती. ती बाई माझ्याच वयाची, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू. तिने कमरेवर हात ठेवले आणि तेलुगूत बोलायला सुरुवात केली. ती बराच वेळ बोलली. हातवारे करून पडलेला भारा, मोडलेली झाडं, आकाश आणि आम्हा दोघींचं वय दाखवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कूसोंडी म्हणते. बसा म्हणते," आत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र बसला होता.

त्या लांबलचक भाषणात 'कूसोंडी' शेवटी खरंच आलं होतं. लक्ष्मव्वा तिचं नाव, शेत तिचंच. मनसोक्त रागावून झाल्यावर तिने आम्हाला कडुनिंबाच्या सावलीत बसवलं, कळशीतलं पाणी दिलं, फडक्यातली भाकरी सोडली. आम्हाला तिचा भारा पुन्हा डोक्यावर चढवून द्यायचा होता, तर तिने हातानेच थांबवलं. 'आधी खा,' हे कळायला मला भाषा लागली नाही.

आत्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. पऱ्हाटीकडे पाहत म्हणाली, "सुमे, मले खरंच झुडूप वाटलं वं."

मी तिच्या अंबाड्यातलं एक बोंड काढलं.

"लहान पोरगं असतं तर?"

"नव्हतं ना पण."

"मले माहीत आहे चष्मा लागते म्हणून. पण डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारते, मोतीबिंदू म्हणते, अन् विलास त्याच दिवशी गाडी विकते. मंग मी काय करू? रिक्षाची वाट पाहत ओट्यावर बसू? हे गाडी आली तवा कुठं मी हे गाव पाह्यलं. चाळीस वर्षं शाळा अन् घर, घर अन् शाळा."

मोठं काही बोलले असते तर ती लगेच शिक्षिका झाली असती. म्हणून मी पर्समधून कार्ड काढलं आणि सगळी हकिकत सांगितली. प्रसाद, पेट्रोलचं कार्ड पळवणाऱ्या जावा, ह्यांचे तीन चष्मे, इमारतीतले शेजारी, कमी पडणारी रक्कम. सांगता सांगता मलाच हसू यायला लागलं. लक्ष्मव्वाने कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. आत्याने तिला तेलुगूत समजावलं, तर तीही पदर तोंडाला लावून हसू लागली.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "तुले फी भरा लागते म्हणून माये डोळे पाह्यजेत?"

"हो. एकच चष्मा कमी पडतोय. फ्रेम जरा महागातली घे."

"लय चिकट आहेस तू. बापावर गेली." तिने भाकरीचा घास घेतला. "चाल मंग. तुयी फी वाचवाची म्हणून हो. नाई तं मले गरज नाई."

उठताना तिने स्कूटीची चावी माझ्या हातात ठेवली. लक्ष्मव्वाने आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत वाट दाखवली. शांताबाईंकडचा चहा राहिला तो राहिलाच. परतताना आत्या मागे बसली होती आणि मला 'हळू चालव, हळू चालव' असं सांगत होती.

बाजारातलं चष्म्याचं दुकान अरुंद होतं. पुढच्या भागात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. मागे पडद्याआड चष्मे आणि तपासणीची खुर्ची. तपासणारी मुलगी आत्याला ओळखत होती. "या टीचर, बसा," म्हणून तिने तेलुगू अक्षरांचा तक्ता लावला. आत्या ताठ बसली आणि खणखणीत आवाजात वरपासून खालपर्यंत म्हणून गेली. शेवटची बारीक ओळही. तिच्या खाली छापखान्याचं नाव होतं, तेही.

मुलगी गोंधळली. "टीचर, ते नाव तर मलाच दिसत नाही."

रेखा आमच्याबरोबर आली होती. ती सावकाश म्हणाली, "आई, तुमी याच्या अगोदर इथं आल्या होत्या काय?"

उत्तर मुलीनेच दिलं. आत्या एकटीच दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा तक्ता जवळून पाठ करून, पास होऊन परतली होती. मुलीने हसत तक्ता उलटा केला. मागे देवनागरी अक्षरं होती.

"हे बरोबर नाई," आत्या म्हणाली. "हे पोर्शनच्या बाहेरचं आहे." मग ती तक्त्याकडे पाहत राहिली. पहिलं मोठं अक्षर बरोबर सांगितलं. दुसऱ्या ओळीत थांबली. "च," मग "ज," मग खूप वेळाने, हळू आवाजात, "सांग ना वं रेखा, काय आहे ते." रेखाने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर निघाला आणि डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात. डॉक्टरांना दाखवाच, मुलीने सांगितलं. पण आत्याने सर्वांत आधी विचारलं, "गाडी?"

"ते डॉक्टरच सांगतील. पण चष्म्याने रस्ता दिसेल. अंधार पडल्यावर नको."

"अंधारात मी कुठं जातो," आत्या म्हणाली आणि दुकानातली सगळ्यांत महाग फ्रेम उचलली. मी कार्ड दिलं. मशीनने चिठ्ठी बाहेर टाकली आणि मला, खोटं कशाला सांगू, एखादी ट्रॉफी मिळाल्यासारखं वाटलं.

चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागले. दुकानातच आत्याने तो घातला. आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे, पालथे. मग माझ्याकडे वळली. "सुमे, केवढी पिकली वं तू!" मग रेखाकडे. बराच वेळ. रेखाने मोरपंखी साडी नेसली होती, बारीक पिवळी बुट्टी असलेली.

"हे साडी मागच्या दिवाळीची?"

"हो."

"हेच नेसून मले दाखवाले आली होती ना? अन् मी मळकी म्हणलं होतं." आत्याने बुट्टीवरून बोट फिरवलं. "लय चांगली आहे वं. मले दिसलीच नव्हती."

रेखा घड्याळांच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदराने नाक पुसत राहिली.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर कार्डाचा हिशोब उघडला. कॅश-बॅक: शून्य. बँकेत फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅम, ते दुकान आमच्याकडे घड्याळांचं दुकान म्हणून नोंदलेलं आहे. घड्याळांवर आपल्याला लाभ नाही." म्हणजे कॅश-बॅक नाही, रक्कमही मोजली जाणार नाही, आणि फी ठरलेली. मी ओसरीवर बसून एकटीच हसले. वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवून जे साधलं, ते इतक्या लांब येऊन मी एका भिंतीवरच्या घड्याळांना वाहिलं होतं.

आत्याने आतून विचारलं, "सुमे, वाचली काय तुयी फी?"

"वाचली," मी म्हटलं.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती आत गेली आणि सर्वपिंडीचं पीठ भिजवायला घेतलं.

निघायच्या दिवशी आत्यानेच मला स्टेशनवर सोडलं. गाडी ती सावकाश चालवत होती, कारण वाटेतली एकही पाटी तिला सोडायची नव्हती. बियाण्यांची दुकानं, शिकवण्या, दातांचे दवाखाने, जमिनीचे दलाल, सगळं ती मोठ्याने वाचत होती. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "पाय, इथं मराठीत 'पर्किंग नाही' लिहून ठेवलं! 'पार्किंग'मधला काना खाल्ला." आमच्या मागे थांबलेल्या रिक्षाचा हॉर्न तिने शांतपणे वाजू दिला. रेल्वे सुटताना तिने खिडकीतून सर्वपिंडीचं पुडकं आत दिलं आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसले.

साताऱ्याला आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? कुंटाला पाहिला का? बासरला गेलात? मी दोन्हीकडे गेले नव्हते. उटनूरच्या जंगलापर्यंतही पोचले नव्हते. मी सांगितलं की मी एक कापसाचं शेत पाहिलं, अगदी जवळून, आडवं पडून. लोकांना ती गंमत वाटली. पण प्रवासाला माणूस नक्की कशासाठी जातो, ते तिकीट काढताना कळत नाही असं मला आता वाटतं. मी फी वाचवायला गेले होते, आणि ती भरताना मला जराही वाईट वाटलं नाही. प्रसादने विचारलं, कार्ड बंद करू का? मी म्हटलं, राहू दे.

महिन्याभराने आत्याचा फोन आला. ती रेखाबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आली होती. स्वतःहून.

"थंडी सरली की डावा डोळा करून टाकू म्हणते डॉक्टर. अन् मंग काई दिवस गाडीले हात लावाचा नाई."

"मग गाडी?"

"तेच सांगून राह्यली. विलासले चावी देत नाई मी. तू ये. रेखाले गाडी शिकवाची आहे. मी शिकवलं तं भांडण होईन."

"रेखाला विचारलंस का पण?"

फोनमध्ये खुडबुड झाली, आणि रेखाचा आवाज आला, "ताई, मी अंगणात गाडीवर बसूनच बोलून राह्यली. या लवकर."